गाडीखाली जाण्यापूर्वी

मिशिगनमध्ये एप्रिल लागला, घरासमोरच्या बर्फाचा शेवटचा काळपट ढीग वितळला, की मला गाडीचे पोट पाहण्याची घाई होते. डेट्रॉईटच्या परिसरात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पसरतात. ते फार लांबून आणावे लागत नाही, कारण शहराच्याच खाली, सुमारे ३५० मीटर खोल, मिठाची मोठी खाण आहे. या मिठामुळे बर्फ वितळतो आणि अपघात टळतात. पण त्याचे पाणी चाकांबरोबर उडून गाडीच्या तळाला बसते आणि एक्झॉस्टचे सांधे, सबफ्रेमच्या, म्हणजे इंजिनाला खालून धरणाऱ्या चौकटीच्या, कडा, ब्रेक ऑईलच्या बारीक लोखंडी नळ्या हळूहळू खाऊ लागते. वरून गाडी चकचकीत दिसत असते. खाली काय चालले आहे हे खाली गेल्याशिवाय कळत नाही, आणि खाली जायचे तर गाडी आधी वर घ्यावी लागते. ती कशावर घ्यावी, म्हणजे पुढची चाके चढवायला कोणता रॅम्प (छोटा चढ) वापरावा, या एका प्रश्नाने माझी दोन वर्षे घेतली.

पुण्यात राहणारा माझा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला होता, “दादा, आमच्या इथे चौकात गॅरेज आहे. सकाळी गाडी द्यायची, संध्याकाळी आणायची. तू एवढं कशाला करतोस?” त्याचे म्हणणे त्याच्या जागी बरोबर आहे. पुण्यातला ओळखीचा मेकॅनिक गाडीचा इतिहास तोंडपाठ सांगतो, आणि आपण शेजारी उभे राहून तो काय करतो हे पाहूही शकतो. इथे ती सोय मला मिळाली नाही. काही वर्षांपूर्वी झटपट ऑईल बदलून देणाऱ्या एका दुकानात मी गाडी दिली होती. पुढच्या खेपेला ऑईल काढण्याचा नट सुटेना, कारण तो हवेच्या दाबावर चालणाऱ्या पान्याने वाजवीपेक्षा कितीतरी जास्त आवळला गेला होता आणि त्याचे आटे चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्याच्या, आट्यांसह निघून आले. माझ्या टोयोटा कॅमरीच्या पुस्तिकेप्रमाणे तो नट ४० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. चौदाच्या पान्याने, मनगट शाबूत ठेवून, सहज होणारे हे काम आहे. चेंबर बदलण्याचा खर्च भरला त्या दिवशी मी ठरवले, की साडेचार लिटर ऑईल काढून तेवढेच भरण्याचे काम यापुढे मीच करायचे.

वडिलांना, म्हणजे अण्णांना, हे कळवले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न ऑईलचा विचारला नाही. “गाडी कशावर घेणार?” एवढेच ते म्हणाले. अण्णांची सारी नोकरी एसटीच्या डेपोत गेली. डेपोत पिट असते: जमिनीत खणलेला, माणूस उभा राहील एवढा खोल चर, त्याच्या दोन्ही कडांवर बसची चाके आणि मध्ये खाली मेकॅनिक. लहानपणी डबा द्यायला गेलो की त्या चरातून अण्णांचा हात आणि हातातला पाना तेवढा दिसायचा. पिटचे मोठेपण मला उशिरा उमगले. तिथे गाडी जमिनीवरच राहते आणि माणूस खाली जातो. गाडी पडायला जागाच नसते. रॅम्पवर आणि जॅकवर हे उलटे होते. माणूस जमिनीवर राहतो आणि दीड टनाची गाडी त्याच्या छातीच्या वर येऊन थांबते. “जॅक उचलायला असतो, धरायला नसतो,” हे अण्णांचे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो होतो. गॅरेजच्या थंड काँक्रीटवर पाठ टेकून पहिल्यांदा वर पाहिले, तेव्हा ते वाक्य मला पाठीच्या कण्यातून कळले.

पहिले रॅम्प मला शेजाऱ्यांनी देऊ केले. पत्रा दाबून आणि कोनपट्ट्या जोडून केलेले, लोखंडी, त्यांच्या वडिलांच्या वेळचे. रंग शाबूत होता. मी ते उलटे करून पाहिले तर आतल्या बाजूला, जिथे उभा पाय तळाच्या पट्टीला वेल्डिंगने जोडला होता, तिथे तांबूस पापुद्रे सुटत होते. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवून हलकेच दाबले आणि ते आत गेले. भोक फार मोठे नव्हते, जेमतेम हरभऱ्याएवढे. पण ते नेमके वजन उतरते त्या ठिकाणी होते. लोखंडी रॅम्प वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. कोरड्या हवेच्या गावात तो पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. इथे मात्र गाडीबरोबर आलेले खारे पाणी गॅरेजच्या फरशीवर गळते, तिथेच साचते आणि रॅम्प त्याच पाण्यात महिनोन्‌महिने उभा राहतो. म्हणून जुना लोखंडी रॅम्प कोणी प्रेमाने दिला तरी त्याची वरची बाजू पाहू नये, खालची पाहावी. मी शेजाऱ्यांना ते भोक दाखवले आणि त्यांनी ती जोडी त्याच आठवड्यात भंगारात दिली.

मग नवे प्लास्टिकचे रॅम्प घेतले. कडक प्लास्टिकचे, खालून मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या फासळ्या असलेले हे रॅम्प आज सर्रास विकले जातात, आणि त्याला कारणे आहेत. ते हलके असतात, गंजत नाहीत, एकात एक बसून कोपऱ्यात मावतात. पेटीवर मोठ्या अक्षरांत भारक्षमतेचा आकडा असतो, आणि घेणारा सहसा तेवढाच वाचतो. तो आकडा एका रॅम्पचा नसून जोडीचा असतो, आणि बहुतेक वेळा तो संपूर्ण वाहनाच्या कमाल मान्य वजनाशी ताडून पाहायचा असतो. हे वजन चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेले असते. माझी गाडी रिकामी असताना सुमारे १,४५० किलोची आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे असल्यामुळे अशा गाड्यांच्या वजनाचा साधारण साठ टक्के वाटा पुढच्या चाकांवर असतो, म्हणजे जवळजवळ ८७० किलो. एका रॅम्पवर सव्वाचारशे ते साडेचारशे किलो. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की पेटीवरचे हजारो पौंडांचे आकडे पाहून दबून जायला होत नाही, आणि कोणत्या रॅम्पमध्ये खरोखर गरजेपेक्षा पुरेशी जास्त ताकद आहे हे आपले आपल्याला ठरवता येते. अमेरिकेत अशा साधनांसाठी ‘पेस’ नावाचे सुरक्षामानक आहे आणि मोटारींचे रॅम्प त्याच्या कक्षेत येतात. त्या मानकाचा उल्लेख नसलेली वस्तू मी स्वस्त मिळाली तरी घेत नाही.

आकडे जुळले, तरी रॅम्प जुळला नाही. चाक रॅम्पला टेकण्याच्या आधीच बंपरखालची रबरी पट्टी रॅम्पच्या उतारावर घासली. कर्रर्र असा आवाज आला आणि मी ब्रेक दाबला. रॅम्प भक्कम होता, पण माझ्या गाडीचे नाक त्याच्यासाठी फार खाली होते.

त्या संध्याकाळी मी जे केले ते खरे तर पेटी विकत घेण्याआधी करायला हवे होते, आणि रॅम्प घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने ते करावे असे मी मनापासून सांगतो, कारण त्याला पैसा लागत नाही. गाडी सपाट जागी उभी केली. पुढच्या चाकाच्या आसाच्या बरोबर खाली, जिथे टायर जमिनीला टेकतो, तिथे खडूने खूण केली. बंपरखालचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून किती उंच आहे ते मोजले: १५ सेंटिमीटर. तो त्या खुणेपासून किती पुढे आहे ते मोजले: ६२ सेंटिमीटर. मग खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्या मापाचा त्रिकोण कापला. तो त्रिकोण म्हणजे माझ्या गाडीच्या नाकाखालची मोकळी जागा. त्याचा कोन साडेतेरा अंशांच्या आसपास भरला. मी घेतलेला रॅम्प ५६ सेंटिमीटर लांबीत साडेसोळा सेंटिमीटर चढत होता, म्हणजे सोळा अंशांहून अधिक. पुठ्ठा रॅम्पच्या उतारावर ठेवला तर दोन्हींच्या मध्ये पाचरीसारखी फट राहिली, आणि झालेली चूक मला डोळ्यांनी दिसली. पेटीवर उंची छापलेली असते, वजन छापलेले असते, टायरची कमाल रुंदी छापलेली असते. उताराचा कोन मात्र बहुधा आपल्यालाच उंची आणि लांबीवरून काढावा लागतो. मी तो रॅम्प परत केला.

कमी उताराच्या रॅम्पचे दोन मार्ग होते. एक म्हणजे दोन तुकड्यांचा लांब रॅम्प: गाडी वर चढली की उताराचा पुढचा तुकडा काढून ठेवायचा, म्हणजे बाजूने जॅक सरकवायला आणि हात घालायला जागा होते. हा उत्तम प्रकार आहे, विशेषतः फार खाली बसलेल्या गाड्यांसाठी, पण महाग आहे. दुसरा मार्ग लाकडाचा. मी तो निवडला, आणि तो का निवडला हे थोडे सविस्तर सांगायला हवे.

थरांवर थर रचून केलेला लाकडी रॅम्प आतून भरीव असतो. त्यात पाय नाहीत, सांधे नाहीत, फासळ्या नाहीत. जास्त भार आला तर लाकूड आधी दबते, करकरते, चिरते. ते इशारा देते. काँक्रीटचा पोकळ ठोकळा बरोबर याच्या उलट वागतो. तो दिसतो अतिशय मजबूत, भिंतीत भार सारखा पसरलेला असतो तेव्हा तो मजबूत असतोही, पण टायरच्या किंवा जॅकच्या एकाच बिंदूतून आलेल्या भाराने तो कोणतीही सूचना न देता फुटतो. घरचे बांधकाम संपल्यावर उरलेले ठोकळे गाडीखाली लावलेले मी इथेही पाहिले आहेत आणि सुट्टीत गेलो असताना आपल्याकडेही पाहिले आहेत. ते कोणीही लावू नयेत.

लाकूड घेतानाही मापाने एकदा फसवले असते. इथल्या लाकडाच्या वखारीत ‘दोन बाय दहा’ म्हणून जी फळी मिळते ती प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सव्वानऊ इंच रुंद असते. म्हणजे २३५ मिलिमीटर. माझा टायर २१५ मिलिमीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर उरतो, आणि चालकाच्या जागेवरून एक सेंटिमीटर कोणाला दिसतो? म्हणून ‘दोन बाय बारा’ घेतली, जी सव्वाअकरा इंच, म्हणजे सुमारे २८६ मिलिमीटर भरते. एका सोळा फुटी फळीतून एक रॅम्प निघाला: दीड मीटरचा तळ, त्यावर सव्वा मीटर, त्यावर एक मीटर आणि सर्वांत वर पाऊण मीटरचा थर. प्रत्येक थराची पुढची कड तिरकी कापली, मध्ये सरस लावला, लांब स्क्रू एका ओळीत न घेता आळीपाळीने मारले, म्हणजे लाकूड रेषेत फाटत नाही. वरच्या थराच्या शेवटी आडवा ठोकळा बसवला, ज्याला चाक टेकले की थांबायचे. चार थरांची उंची सव्वापंधरा सेंटिमीटर झाली आणि चढ दर पायरीला जेमतेम चार सेंटिमीटरचा. पुठ्ठ्याचा त्रिकोण पुन्हा टेकवून पाहिला. पहिल्याच पायरीवर चाक आले की नाकही वर येते, त्यामुळे पट्टीला कुठेच अडथळा नव्हता. एकेक रॅम्प वीस-बावीस किलोचा झाला आहे. तो उचलताना कंबर जपावी लागते, पण फरशीवर ठेवला की तिथेच राहतो.

तरीही रॅम्प सरकण्याचा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते रॅम्पच्या बाबतीत सर्वांत कमी बोलला जाणारा हा प्रश्न आहे. मागच्या चाकांवर चालणारी गाडी पुढच्या चाकांना रॅम्पवर ढकलत नेते. तो धक्का पूर्णपणे रॅम्पवर येतो आणि गुळगुळीत फरशीवर तो पुढे पळू शकतो. माझ्यासारखी पुढच्या चाकांवर चालणारी गाडी रॅम्पवर चढल्यानंतर स्वतःच त्याला धरून ठेवते, पण सुरुवातीच्या क्षणी, टायरचा रेटा अजून जमिनीवर असताना, त्याने रॅम्पच्या ओठाला दिलेली धडक त्याला पुढे लोटते. आणि घाईने ॲक्सिलरेटर दिला तर फिरत्या चाकाने रॅम्प खालून मागे फेकला जाण्याचीही भीती असते. उपाय साधा आहे. जुन्या गालिच्याची रॅम्पपेक्षा हातभर लांब पट्टी कापून ती रॅम्पखाली घालायची आणि तिचे मोकळे टोक गाडीच्या बाजूला बाहेर ठेवायचे. चाक आधी त्या टोकावर येते, गाडीच्या वजनाने पट्टी जमिनीशी दाबली जाते, आणि पट्टीवर बसलेला रॅम्प मग हलत नाही. रॅम्पच्या तळाला रबर चिकटवण्यापेक्षाही मला हा उपाय जास्त खात्रीचा वाटतो.

गाडी वर आली, इंजिन बंद झाले, की मागच्या दोन्ही चाकांच्या मागे लाकडी पाचरी आणि हँडब्रेक. हँडब्रेक माझ्या गाडीत मागच्या चाकांना लागतो आणि ती जमिनीवर असतात, हे माझ्या फायद्याचे आहे. त्यानंतर सबफ्रेमखाली दोन जॅक स्टँड, म्हणजे गाडीला खालून आधार देणाऱ्या, उंची कमीजास्त करता येणाऱ्या लोखंडी तिवया, नुसते टेकतील इतक्या उंचीवर. रॅम्प असताना स्टँड कशाला, असे मला विचारले जाते. माझे उत्तर असे, की कोणत्याही एकाच वस्तूवर जीव टाकू नये, स्टँडवरही नाही. २०२० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीने विकलेले लाखो जॅक स्टँड परत मागवावे लागले, कारण भार हलला की खुंटी दात्यांतून निसटून स्टँड खाली बसण्याचा धोका होता. बदली म्हणून दिलेल्यांपैकी काहींच्या वेल्डिंगमध्ये दोष निघाला आणि तेही परत मागवले गेले. ती बातमी वाचली त्या रात्री मी माझ्या स्टँडचे क्रमांक ताडून पाहिले आणि मगच झोपलो.

रॅम्पने होत नाही ते काम त्याच्याकडून करवून घेऊ नये, हेही निवडीतच येते. चाक रॅम्पवर बसलेले असते, म्हणून ब्रेकचे पॅड बदलणे किंवा टायर आलटूनपालटून लावणे रॅम्पवर शक्य नाही; तिथे जॅक आणि स्टँडच लागतात. गिअरबॉक्सचे ऑईल तपासताना गाडी चारही चाकांवर सपाट असावी लागते, नाक वर असून चालत नाही. इंजिन ऑईलची काडीसुद्धा गाडी खाली उतरवल्यावरच पाहायची. उलट एका कामात रॅम्प जॅकपेक्षा सरस ठरतो आणि त्याचा उल्लेख फारसा कोणी करत नाही. सस्पेन्शनच्या आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांचे, रबरी बुश बदलले की त्यांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळायचे असतात. जॅकवर लोंबकळत्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. रॅम्पवर सस्पेन्शन जमिनीवरच्यासारखे दबलेले असते आणि पाना चालवायला खाली जागाही मिळते.

मी पाठवलेले फोटो पाहून भावाचा विचार हळूहळू बदलला. एके दिवशी त्याने स्वतःच विचारले, “दादा, ते पुठ्ठ्याचं कसं केलंस?” त्याची स्विफ्ट सोसायटीच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये उभी असते. जमिनीपासून १६३ मिलिमीटर उंच आणि वजनाने माझ्या गाडीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असल्यामुळे तिला रॅम्प सहज जुळेल असे मला वाटले होते. पण त्याने पाठवलेल्या फोटोत मला फरशीचा पाणी जाण्यासाठी ठेवलेला उतार दिसला. रॅम्प सपाट जागेवरच हवा, नाहीतर वर चढवलेली गाडी फरशीच्या उताराकडे घरंगळू पाहते. मी त्याला पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहायला सांगितले. ती घरंगळली. त्याने जागा बदलली, दोन खांबांमधली सपाट पट्टी शोधली, आणि सोसायटीच्या सचिवांना सांगून, खाली ताडपत्री अंथरून, मगच काम करायचे असे आमचे ठरले. जुने ऑईल तो चौकातल्या त्याच गॅरेजमध्ये नेऊन देणार आहे, जिथे ते पिंपात साठवतात. इथे मी ते सुट्या भागांच्या दुकानात नेतो. तिथे पैसे न घेता ठेवून घेतात. चेंबरमधून पडणारी ती काळी धार पाहिली की तिचा एक थेंबही मातीत जाऊ नये असे वाटते.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मीठ पडायच्या आधीची तपासणी होती. मुलगी सोळा वर्षांची आहे. ती म्हणाली, “बाबा, आज मी चढवते.” मी दोन्ही रॅम्प चाकांच्या रेषेत ठेवले, गालिच्याच्या पट्ट्या सरळ केल्या आणि गाडीच्या समोर उभा न राहता बाजूला, तिला आरशाशिवाय दिसेन असा उभा राहिलो. काच खाली, रेडिओ बंद. तिने पाय ब्रेकवर ठेवूनच गाडी सोडली. पट्टीवर चाक आले, पहिल्या पायरीवर आले, दुसऱ्या पायरीवर लाकूड किंचित करकरले आणि ती थांबली. माझ्याकडे पाहिले. मी तळहात हलवला. तिसरी पायरी, चौथी, आणि मग चाक आडव्या ठोकळ्याला टेकल्याचा तो बसका, खात्रीचा आवाज.

“बाबा, लागलं.”

मी पाचरी ठोकल्या, स्टँड सरकवले, बंपरला दोन्ही हात लावून गाडी जोराने हलवून पाहिली. ती हलली नाही. मग मुलीने दिवा हातात घेतला, आम्ही दोघे खाली गेलो, आणि ब्रेकच्या नळीवर बोट फिरवत मी तिला दाखवू लागलो की मागच्या हिवाळ्यातला गंज कुठून सुरू झाला आहे.